पावसाळा वगळून

चंद्रपूर-गडचिरोलीत पवनचक्क्या का नाहीत, असं कुणी विचारलं की मी आधी वाऱ्याचं गणित सांगतो. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनानुसार बदलते. वेग निम्मा झाला की ऊर्जा आठव्या हिश्शावर येते. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर मोसमी वारा समुद्रावरून येऊन थेट कडा चढतो. तोच वारा अर्धा महाराष्ट्र ओलांडून आमच्याकडे पोचतो तेव्हा त्याचा जोर ओसरलेला असतो. त्यात चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. उंची शोधायची तर माणिकगडच्या डोंगरात, जिवतीच्या पठारावर जावं लागतं.

पण हे गणित कायमचं नाही. मनोरे उंच झाले, पाती लांबली, आणि ‘इथं वारा नाही’ म्हणून सोडून दिलेल्या जागांचा विचार पुन्हा होऊ लागला. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे आता दीडशे मीटर उंचीवरचा वारा दाखवतात. शिवाय चंद्रपूरकराला पवनचक्कीचं आकर्षण वाटलं तर त्यात नवल नाही. 2,920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र त्याच्या उशाशी आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचा निर्देशांक काढला, तेव्हा 83.88 गुणांनी चंद्रपूरचा पट्टा चौथा आला होता. धुराशिवाय वीज मिळणार म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

म्हणून धरून चालू, की उद्या जिवतीच्या पठारासाठी एखादा प्रस्ताव आला. त्याची तपासणी कोण करील? 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत कोळसा खाणी आहेत, धरणं आहेत, औष्णिक केंद्रं आहेत. पवन ऊर्जा नाही. म्हणजे आघात अहवाल नाही, जनसुनावणीही नाही. 2016 मध्ये उद्योगांची रंगवार विभागणी झाली, तेव्हा पवनचक्क्या ‘पांढऱ्या’ गटात गेल्या. चिमणी नाही, सांडपाणी नाही, म्हणजे त्रास नाही, असा त्यामागचा विचार. कारखान्याच्या फूटपट्टीनं मोजलं तर तो चूकही नाही. जंगलात मात्र ती फूटपट्टी अपुरी पडते.

वनजमीन लागली तर 1980 चा वनसंवर्धन कायदा आडवा येतो, हे खरं. म्हणून विकासक आधी ‘पडीक’ जमीन शोधतो. पूर्व विदर्भात तशी दिसणारी जमीन म्हणजे झुडपी जंगल: महसुलाच्या दप्तरात एक, वन खात्याच्या दप्तरात दुसरं, आणि गावाच्या लेखी गुरं चारायची जागा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे ही पळवाट बरीच अरुंद झाली.

कर्ज देणाऱ्या संस्था कधीकधी आपणहून आघात अहवाल मागतात. तेव्हा सल्लागार हाताशी असलेला खाणीचा साचा उचलतो. त्या साच्यात एका हंगामाची, तीन महिन्यांची मोजणी असते, पावसाळा वगळून. खाणीसाठी ते समजण्यासारखं आहे, कारण पावसात धूळ बसते आणि हवेचे आकडे फसवे येतात. पवनचक्कीची मुख्य कमाई मात्र जून ते सप्टेंबरमधली. पाती सर्वांत जास्त फिरतात त्याच दिवसांत रानात कोणते पक्षी आहेत, वटवाघळं किती उंचीवरून उडतात, याची एकही नोंद अहवालात नसते. माझ्या मते या साच्यातला सर्वांत मोठा दोष हाच आहे. तो दूर करायला नवा कायदा लागत नाही. वेळापत्रक बदललं तरी पुरे.

दुसरा दोष वर्तुळाचा. प्रकल्पाभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ आखायचं आणि त्यात सापडेल त्याची यादी करायची, अशी रीत आहे. पक्षी मात्र ते वर्तुळ पाळत नाहीत. ताडोबातून सोडलेलं, उपग्रह टॅग लावलेलं एक गिधाड काही महिन्यांत तामिळनाडूत पोचलं. गडचिरोलीच्या कुनघाडा भागात वन खात्यानं गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’, म्हणजे मेलेली गुरं टाकायच्या जागा, चालवली, वरोरा-भद्रावतीच्या शिवारात माळढोक दिसल्याच्या नोंदी आहेत. यांतलं काहीच जिवतीच्या वर्तुळात बसणार नाही आणि अहवाल ‘संकटग्रस्त पक्षी आढळले नाहीत’ असं निर्धास्तपणे लिहील.

पात्याला धडकून मेलेले पक्षी मोजता तरी येतात. न मोजता येणारी गोष्ट चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठेकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी दाखवली. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या पट्ट्यात शिकारी पक्षी जवळपास चारपटीनं कमी होते. साहजिकच सरडे वाढले होते. पण त्या सरड्यांची अंगकाठी खालावलेली, नरांचे रंग फिके आणि माणूस जवळ आला तरी पळण्याची घाई कमी. वरचा शिकारी हटला की खालचं सगळं गणित बदलतं. आमच्या जंगलात ही साखळी कितीतरी लांब आहे.

तरीही जंगल जिल्ह्यात मला पात्यांपेक्षा रस्त्यांची आणि तारांची काळजी जास्त वाटते. साठ-सत्तर मीटर लांबीचं पातं घाटातून वर न्यायचं म्हणजे प्रत्येक वळण रुंद करावं लागतं. क्रेनसाठी सपाट ओटे कापावे लागतात. भीमाशंकर अभयारण्यालगत खेड-मावळच्या डोंगरात आंध्रा तलाव पवन प्रकल्पासाठी सुमारे 195 हेक्टर वनजमीन वळती झाली. शेकरूचं घर असलेल्या त्या जंगलात रस्त्यांनी काय केलं, याची दखल माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीनं 2011 च्या अहवालात घेतली. उतारावर टाकलेला राडारोडा पहिल्या पावसात खाली येतो.

तारांची गोष्ट तर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. रानातून गेलेल्या वाहिनीवर रात्री आकडा टाकायचा आणि जमिनीलगत उघडी तार पसरायची. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ जातो, कधी माणूस जातो. 2021 च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही गडचिरोलीत फिरताहेत. नवी वाहिनी म्हणजे आकड्यांसाठी नवी जागा. हा आघात कुठल्याही तक्त्यात नसतो, कारण तो यंत्राचा नव्हे, माणसांचा.

अशा प्रस्तावाला नेमके प्रश्न विचारू शकेल अशी संस्था आमच्याकडे आहे आणि ती मुंबई-दिल्लीत नाही. ती म्हणजे ग्रामसभा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. मोहाची झाडं कुठं, गुरांची वाट कोणती, आकडा कुठं पडतो, हे त्यांना पाठ असतं. मात्र मे महिन्यात, तेंदूच्या हंगामात बैठक बोलावू नये; गाव पहाटेच रानात गेलेलं असतं.

आघात अहवालातलं सर्वांत बारीक प्रकरण पर्यायांचं. जागा आधी ठरते, पर्याय मागाहून लिहिले जातात. मी हा अहवाल लिहिला तर त्या प्रकरणापासून सुरुवात करीन आणि जिवतीच्या विरुद्ध मत देईन. वारा धुळे-साताऱ्याकडचा घ्यावा. चंद्रपूरला स्वतःची स्वच्छ वीज हवी असेल, तर बल्लारपूर-घुग्घुस पट्ट्यात काम संपलेल्या खाणींची जमीन आहे. तिथं जंगल केव्हाच गेलेलं आहे, रस्ते आहेत, वाहिन्याही आहेत. मातीचे ढीग पुरेसे बसले की त्यांवर सौर पट्ट्या लावता येतील.