निसटलेला मासा

'मेल्या म्हशीला मणभर दूध' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. म्हैस गोठ्यात असते तोवर तिच्या दुधाचे माप शेरावर असते. ती गेली, की तेच माप मणावर जाते. गमावलेल्या वस्तूचे मोल माणसाच्या मनात असेच वाढत राहते. ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने बहुधा कधी गळ टाकून मासे धरले नसावेत. नाही तर त्याने म्हशीऐवजी माशाचेच नाव घेतले असते. म्हशीचे दूध निदान शेजाऱ्यांनी मापून घेतलेले असते. गळातून निसटलेल्या माशाला मात्र माप नसते आणि साक्षीदारही नसतो. तो पाण्यात नाहीसा होतो, तेव्हा हातभर असतो; काठावर पोहोचेपर्यंत दोन हात होतो आणि बाजाराच्या दिवशी तर पुरुषभर लांब होऊन बसतो. अशा माशाला त्याच्या खऱ्या आकाराएवढाच ठेवणे, हे त्याला पकडण्याइतकेच कठीण काम आहे.

हे काम शिकण्याची एक शाळा वऱ्हाडात आहे. तिला भिंती नाहीत, फळा नाही. आहे ते केवळ पाणी. सातपुड्याच्या कुशीत, मुलताईच्या पठारावर उगम पावलेली वर्धा नदी अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांची सीमा आखीत दक्षिणेकडे जाते. वाटेत मोर्शी तालुक्यातील सिंभोरा गावाजवळ तिला अप्पर वर्धा धरणाने अडविले आहे. हे धरण 1993 साली पूर्ण झाले. श्रावण-भाद्रपदात त्याच्या 13 दरवाजांतून पाणी कोसळू लागले, की दूरदूरचे लोक ते पाहावयास येतात. अमरावती शहराची तहान याच पाण्याने भागते. धरणामागे पसरलेल्या विस्तीर्ण जलाशयाला 'नल-दमयंती सागर' असे सुंदर नाव आहे. पूर्वी जे भोई आणि ढिवर नदीच्या डोहांत जाळी टाकीत, त्यांच्यापैकी अनेकांची उपजीविका आता या सागरावर चालते.

या पाण्यात कटला, रोहू आणि मृगळ हे मासे वाढतात. तिघे एका घरात राहतात, परंतु सहसा एकमेकांच्या ताटात हात घालीत नाहीत. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो. त्याचे डोके मोठे असते व तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी आपले अन्न शोधतो. हे मासे पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्यातल्या साठलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. त्यामुळे एके काळी त्यांची पिले नद्यांतून वेचून आणावी लागत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने या अडचणीवर मात केली. माशांच्या मेंदूखाली असलेल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क त्यांनी माशांना टोचला आणि बंदिस्त पाण्यात त्यांना अंडी घालावयास लावले. आज तळ्यांत आणि जलाशयांत जी पिले सोडली जातात, ती या शोधाचीच देणगी होय. बोटाएवढ्या लांबीच्या या पिलांना 'बोटुकली' म्हणतात. आज डोंग्याला हिसका देणारा कटला काही वर्षांपूर्वी असाच एखाद्याच्या बोटाएवढा होता. तेव्हापासून तो किती जाळ्यांतून वाचला, किती पक्ष्यांना चुकला, हे त्याचे त्यालाच ठाऊक! मोठा मासा म्हणजे मोठ्या सावधपणाने जगलेला मासा.

म्हणूनच तो गळाला लागला, तरी हाती येईलच असे नाही. गळाची दोरी फार ताणली तर ती तुटते. सैल सोडली तर गळ तोंडातून निघून येतो. ओढणे आणि सोडणे यांचा तोल सांभाळीत माशाला थकवावे लागते. सर्वांत नाजूक क्षण येतो तो अगदी शेवटी. मासा पाण्यात असतो तोवर त्याचा भार पाणी पेलून धरते. दोरीवर केवळ त्याच्या धडपडीचा ताण असतो. त्याला दोरीने वर उचलले, की पाण्याचा तो आधार सुटतो आणि सारे वजन दोरीवर येते. ज्या दोरीने अर्धा तास माशाला रोखून धरले, तीच दोरी वीतभर उचलण्यात दगा देते. यासाठी जाणता भोई मोठ्या माशाला दोरीने कधीच उचलत नाही. दांड्याला बांधलेले लहान जाळे त्याच्या अंगाखाली सरकवितो.

वैशाखातील एका पहाटे नल-दमयंती सागरावर एक अरुंद डोंगा संथपणे चालला होता. त्यात एक वृद्ध भोई आणि त्याचा बारा वर्षांचा नातू असे दोघेच होते. वारा पडलेला होता. पलीकडच्या टेकड्या पाण्यात उलट्या उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या. गळाला कणकेचा गोळा लावलेला होता आणि गळाची दोरी आजोबांच्या बोटावरून पाण्यात गेली होती. त्यांच्या घरावर किराणा दुकानाची दोन महिन्यांची उधारी होती. हे नातवाला ठाऊक होते. कारण आदल्या सायंकाळी मीठ आणावयास तोच गेला होता आणि दुकानदाराने वही उघडून दाखविली होती.

सूर्य हातभर वर आला असेल नसेल, तोच दोरी सरकन पळाली. आजोबांनी ती बोटांतून जाऊ दिली, मग हळूच आवळली. डोंग्याचे तोंड आपोआप फिरले. वल्हे स्थिर होते, वारा नव्हता. तरी डोंगा चालू लागला! पाण्याखालून कोणीतरी त्याला ओढून नेत होते. कधी मासा खोल जाई, कधी आडवा पळे. आजोबा एकही शब्द बोलत नव्हते. त्यांच्या तळव्यावर दोरीचा लाल वळ उमटला होता. बऱ्याच वेळाने पाणी ढवळून निघाले आणि एक भले मोठे डोके वर आले. करड्या पाठीवर ऊन चमकले. नातवाने जाळे पुढे केले. ते अंगाखाली जाण्यापूर्वीच माशाने शेपटीचा तडाखा दिला, जाळ्याची कडी बाजूला फेकली गेली आणि दोरी एकाएकी हलकी झाली. पाण्यावर वर्तुळे उमटली, मोठी होत गेली आणि मिटली.

कोणीच काही बोलले नाही. आजोबांनी दोरी गोळा केली आणि तिचे टोक डोळ्यांजवळ नेले. तुटलेल्या दोरीचे टोक पुष्कळ काही सांगते. ते दगडावर घासून तुटले असेल, तर खरबरीत असते. धारेने कापले गेले असेल, तर सरळ असते. हे टोक मात्र वेलीच्या तंतूसारखे वेटोळे झालेले होते. दोरी तुटली नव्हती. गाठ सुटली होती.

"गाठ वल्ली करून आवळली होती काय रे?" आजोबांनी विचारले.

"नाही, आबाजी. इसरलो," नातू खाली पाहत म्हणाला.

नायलॉनची दोरी कोरडीच आवळली, तर घर्षणाने तापते व कमजोर होते. शिवाय गाठीचे वेढे एकमेकांत नीट बसत नाहीत. थुंकीने किंवा पाण्याने ती ओली करावी, हा धडा नातवाला अनेकदा दिलेला होता. आजोबांनी तो पुन्हा दिला नाही. जाळ्याच्या कडीला एक खवला चिकटला होता. तो काढून त्यांनी नातवाच्या हातावर ठेवला. खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा होता. उन्हात धरताच त्याच्यावर एकाभोवती एक अशा सूक्ष्म रेषा दिसू लागल्या. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे खवल्यावरील रेषांवरूनही जाणकाराला माशाच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

काठावर इतर डोंगे परतले होते. दोन लहान रोहू घेऊन हे दोघे उतरले, तेव्हा सुटलेल्या माशाची वार्ता त्यांच्या आधीच तेथे पोहोचली होती. लांबून कोणीतरी सारे पाहिले होते. "गाठ कोनं बांधली होती?" एकाने विचारले.

"डोंगा माहा, गळ माहा, मासाही माह्याच हातून गेला," म्हातारा शांतपणे म्हणाला.

तेथेच तो विषय संपला असता. परंतु नातू पुढे झाला. "नाही. गाठ म्या बांधली होती," तो म्हणाला.

क्षणभर सारे गप्प झाले. मग दुसऱ्याने डोळे मिचकावीत दोन्ही हात फैलावले व विचारले, "केवढा होता रे? एवढा?" त्या फैलावलेल्या हातांना नुसती मान डोलवायची, की त्या दिवशीचा सर्वांत मोठा मासा त्या मुलाच्या नावावर जमा झाला असता. उधारी फिटली नसती. पण मान मिळाला असता. मुलाने मुठीतला खवला चाचपला. "डोस्कं पाह्यलं. आबाजीच्या दोन्ही पंजाइतकं होतं. वजन काही केलं नाही," तो म्हणाला. घरी गेल्यावर आजीने दोन रोहूंचा हिशेब केला, एक सुस्कारा सोडला आणि चूल पेटविली. त्या रात्री नातवाने दिव्याच्या उजेडात वीस गाठी बांधल्या. प्रत्येक गाठ ओली करून.

ज्या सागरावर हे घडले, त्याच्या नावाशीच एका निसटलेल्या माशाची कथा जोडलेली आहे. दमयंती ही विदर्भाच्या भीम राजाची कन्या. याच वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर ही विदर्भाची प्राचीन राजधानी होय, अशी परंपरा आहे. राज्य गमावून नळ आणि दमयंती वनवासात हिंडू लागली, तेव्हाची एक गोष्ट लोक सांगतात. भुकेल्या नळाने मासे धरले आणि ते दमयंतीच्या हाती दिले. तिच्या हातांत अमृत होते. त्या स्पर्शाने मेलेले मासे जिवंत झाले आणि टुणकन उडी मारून पाण्यात गेले. नळ परतला, तो मासे नाहीत! दमयंतीने घडले ते सांगितले. परंतु नळाचा विश्वास बसला नाही. हिने एकटीनेच मासे खाल्ले, असे त्याला वाटले. महाभारतातील नलोपाख्यानात हा प्रसंग नाही. गुजराती कवी प्रेमानंद याच्या 'नळाख्याना'त मात्र तो आला आहे. कथा चमत्काराची असली, तरी तिच्यातील मनुष्यस्वभाव अगदी खरा आहे. मासे गेले, ही हानी एका जेवणाची होती. संशयाने जवळचे माणूस दुरावले, ही हानी त्याहून फार मोठी होती. हातचे काही निसटले, की माणसाचे बोट प्रथम दुसऱ्याकडे वळते. राजा नळासारख्या पुण्यश्लोक पुरुषालाही ते आवरता आले नाही, असे लोककथा म्हणते; सिंभोऱ्याच्या पाण्यावरील त्या वृद्धाला मात्र ते आवरता आले.

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 1952 साली प्रसिद्ध झालेली 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही कादंबरिका जगभर वाचली जाते. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने ती मराठीत आणली आहे. तिच्यातील क्यूबाच्या किनाऱ्यावरील म्हाताऱ्या कोळ्याला 84 दिवस मासा मिळत नाही. मग एक प्रचंड मासा गळाला लागतो, त्याची होडी समुद्रात दूर ओढून नेतो आणि अखेर त्याच्या हाती येतो. परतीच्या वाटेवर शार्क मासे त्याचे लचके तोडतात व उरतो तो केवळ सांगाडा. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरील कोळी त्या सांगाड्याला दोरी लावून माप घेतात. तो नाकापासून शेपटीपर्यंत 18 फूट भरतो. म्हातारा तेव्हा आपल्या झोपडीत झोपलेला असतो. आपल्या पराक्रमाविषयी त्याला काही सांगावे लागत नाही.

प्रत्येकाचे माप असे दुसरे कोणी घेत नाही. परीक्षेत थोडक्यात हुकलेला क्रमांक, सामन्यात हातून सुटलेला झेल, वेळेवर न पेरल्यामुळे बुडालेले पीक. हे सारे निसटलेले मासेच होत. त्यांना मोठे करून सांगणे सोपे असते आणि त्यांचा दोष दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे तर त्याहून सोपे असते. पाण्यात गेलेला मासा यांपैकी कशानेही परत येत नाही. दोरीचे टोक मात्र हाती उरलेले असते. ते उजेडात धरून नीट पाहिले, तर पुढची गाठ कशी बांधावी हे समजते.