बोलेल की, काय घाई

आमचा धाकटा दीड वर्षाचा झाला तरी धड एक शब्द बोलत नव्हता. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या शेजारच्या ताईंची मुलगी त्याच्याच वयाची. ती दिवसभर बडबडायची. सासूबाई म्हणायच्या, "बोलेल की, काय घाई? याचा बापही उशिराच बोलला." माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, कन्नड बोलणारं. घरात दोन भाषा, म्हणून पोरगं गोंधळलंय, असंही सगळ्यांनी ठरवून टाकलं. कानाची शंका कुणाला आली नाही. कुकरची शिट्टी झाली की तो वळून बघायचा. गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं तेव्हा तर दचकून रडला.

संध्याकाळी ताईंच्या दारात जाऊन बसणं मात्र मी हळूहळू बंद केलं.

बूस्टर डोसला गेलो तेव्हा नर्सबाईंनी माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. त्यात लशींच्या तक्त्याशिवाय, कितव्या महिन्यात मूल काय करतं याची चित्रंही असतात. आमच्याकडे ते कार्ड फक्त लशीच्या तारखेपुरतं उघडायचं. बाईंनी एकेका चित्रावर बोट ठेवून विचारलं आणि म्हणाल्या, "अंगणवाडीत आरबीएसकेची टीम येते, तिला दाखवा."

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013 पासून चालू आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतल्यांची एकदा तपासणी होते. नुसतं वजन-उंची नाही. ऐकणं, बोलणं, चालणं यांतला उशीरही बघतात आणि पुढच्या उपचाराला पाठवतात. पैसे लागत नाहीत.

घोळ इथेच झाला. बाळंतपण माहेरी झालं, त्यामुळे त्याचं नाव तिकडच्या अंगणवाडीत लागलं होतं. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवरही तिकडचंच. आमच्या भागातल्या यादीत तो नव्हता. टीम येऊन गेली, पण निरोप आम्हाला आलाच नाही. सेविकाताईंनी नाव इकडे वळवण्याचं काम सुरू केलं, पण पुढची तपासणी काही महिन्यांनी होती. तेव्हा मदतनीस मावशी बोलल्या, "यादीचं राहू दे गं. कानाला थांबायचं नसतं. थेट सिव्हिल हॉस्पिटलला जा."

सिव्हिलमध्ये केसपेपर काढून कान-नाक-घसा विभागात गेलो. तिथून ऐकण्याची 'बेरा' तपासणी सांगितली. त्यात मूल झोपलेलं लागतं. "रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा," असं आधीच बजावलं होतं. पहाटे उठवलेलं पोर घेऊन निघालो, तर ते रिक्षातच झोपलं आणि आत गेल्यावर टक्क जागं. शेवटी झोपेचं औषध द्यावं लागलं. डोक्याला तारा लावलेलं लेकरू बघवेना, म्हणून मी फॉर्म भरायचं निमित्त करून बाहेर उभी राहिले. नवरा आत थांबला.

निघालं ते असं: दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं. मोठा आवाज पोचायचा, साधं बोलणं मात्र पुसट. सर्दी सतत असायची, त्याचा हा परिणाम. तिथल्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी भाषेचाही निकाल लावला. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही, दोन्ही बोला, फक्त समोर बसून, तोंड दिसेल असं बोला. हे ऐकून मला सगळ्यांत बरं वाटलं. आईशी फोनवर कन्नडमध्ये बोलतानासुद्धा मी दबून बोलायला लागले होते.

औषधं झाली, वाट बघायला सांगितलं, पाणी बरंचसं उतरलं. नाही उतरलं तर पडद्यात बारीक नळी बसवावी लागते, ती वेळ आली नाही. स्पीच थेरपी चालू आहे. घरी टीव्ही बंद करून भांडी, भाज्या, बटणं दाखवत बोलायचं, हाच अभ्यास. सासूबाईंना तो छान जमतो.

पाणी हवं असलं की आता तो माझ्याकडे 'नीरू' मागतो आणि आजीकडे 'पानी'. नाव आमच्या अंगणवाडीत आलंय. कान सर्दीनंतर पुन्हा तपासायचे आहेत. पावसाळ्यात एकदा जाऊन यायला सांगितलंय.