मुक्ता, शंभर टक्के मागू नकोस

प्रिय मुक्ता,

ऑन-कॉलच्या पहिल्याच आठवड्यात तुला एक रात्रही सलग झोप मिळाली नाही, हे ताईने सांगितलं. तुमच्या टीमने यंदाचं उद्दिष्ट ‘शंभर टक्के अपटाइम’ असं ठरवलंय, हे तुझ्या मेसेजमधून कळलं. मला दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते, कारण पहिली तिच्यातूनच आलेली आहे.

तुमचं पेमेंट ॲप वापरणारा माणूस आणि तुमचे सर्व्हर यांच्यामध्ये त्याचा फोन, त्याचं नेटवर्क आणि त्याची बँक असते. यातलं काहीच शंभर टक्के चालत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये रेंज शोधत असलेल्याला तुमच्या 99.99 आणि 99.999 मधला फरक जाणवणारही नाही. तुमचे मात्र महिनेच्या महिने त्या एका जादा नऊपायी जातील. बेन ट्रेनर स्लॉस यांनी 2003 साली गूगलमध्ये साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगची सुरुवात केली. त्या टीमचं पुस्तक 2016 मध्ये आलं. शंभर टक्के हे जवळजवळ कुठल्याच सेवेसाठी योग्य उद्दिष्ट नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. ते आधी वाच.

मग कागद घेऊन हिशेब मांड. तीस दिवसांत 43,200 मिनिटं. 99.9 टक्के ठरवलंत तर 43 मिनिटं बंद राहायची मुभा. 99.99 ला साधारण सव्वाचार मिनिटं. 99.999 ला फक्त 26 सेकंद. रात्री तीनला फोन वाजल्यावर उठून, लॅपटॉप उघडून, व्हीपीएन जोडेपर्यंतच सव्वाचार मिनिटं सरतात. म्हणजे चार नऊ कबूल करायचे असतील, तर बहुतेक बिघाड माणसाला न उठवता सिस्टिमने आपले आपण सावरायला हवेत. त्याची तयारी नसताना तो आकडा स्लाइडवर लिहिणं म्हणजे तुझ्या झोपेवर लिहिलेला चेक आहे, आणि तो वटणारही नाही.

ती 43 मिनिटं म्हणजे तुमचं एरर बजेट. ते हक्काने खर्च करा. शिल्लक असेल तोवर नवी रिलीज बिनधास्त सोडा. संपलं की नवं थांबवून डागडुजी करा. डेव्हलपरला घाई असते, ऑपरेशन्सवाल्याला धास्ती असते, आणि दोघांचा वाद एरवी आवाज कोणाचा मोठा यावर सुटतो. इथे निदान तो दोघांनी आधी मान्य केलेल्या आकड्यावर सुटतो.

त्या पुस्तकातला चबीचा किस्सा माझा फार आवडता आहे. चबी ही गूगलची आतली लॉक सर्व्हिस. ती इतकी क्वचित बंद पडायची की इतर टीम्स ती कधी बंद पडणारच नाही असं धरून आपल्या सेवा तिच्यावर उभ्या करू लागल्या. मग ती पडली की त्यांच्या सेवाही कोलमडायच्या. यावर चबी सांभाळणाऱ्या टीमने ठरवलं, की एखाद्या तिमाहीत खऱ्या बिघाडाने उपलब्धता उद्दिष्टाखाली गेली नसेल, तर चबी मुद्दाम, ठरवून बंद करायची. कोणी चुकीचा भरवसा ठेवला असेल, तर तो तेव्हाच उघडा पडतो. उद्दिष्टापेक्षा फार चांगलं चालणं हेसुद्धा धोक्याचं असू शकतं, हे मान्य करून त्यावर कृती करायला मोठं धाडस लागतं.

आता तुमचा डॅशबोर्ड. सीपीयू 90 टक्क्यांवर गेला म्हणून तुला उठवलं, असं तू लिहिलंस. पैसे पाठवणाऱ्या कोणाला तेव्हा त्रास होत होता का? नसेल, तर तो सकाळी बघायचा विषय होता. लेटन्सी, ट्रॅफिक, एरर आणि सॅच्युरेशन या चारांवर लक्ष ठेवा, पण उद्दिष्ट ठरवताना ग्राहकाच्या बाजूने मोजा. त्यातही एरर कशाला म्हणायचं, हे आधी ठरवा. एनपीसीआय यूपीआयचे आकडे देताना टेक्निकल डिक्लाइन आणि बिझनेस डिक्लाइन वेगवेगळे देते. पिन चुकला, तो बिझनेस. बँकेची सिस्टिम उपलब्ध नव्हती, तो टेक्निकल. दोन्ही एकाच डब्यात टाकलेत, तर दुसऱ्याच्या चुकलेल्या पिनपायी तुमचं बजेट जळेल.

सरासरीवर विश्वास ठेवू नकोस, हे मी हात जोडून सांगते. जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांच्या 2013 च्या लेखातलं गणित बघ: एक सर्व्हर शंभरातून एकदाच सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतो. पण एका विनंतीसाठी असे शंभर सर्व्हर विचारावे लागत असतील, तर 63 टक्के विनंत्यांना सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. सरासरीत हे ताटकळलेले लोक दिसत नाहीत. 99 वा पर्सेंटाइल लावा, म्हणजे दिसतील.

अलर्टही बजेटवरच बसवा. तासाभरात महिन्याचं 2 टक्के बजेट जळालं, तर त्या वेगाने ते जेमतेम दोन दिवस पुरेल. तेव्हा जरूर उठवा. हळूहळू गळत असेल, तर तिकीट पुरे.

सोमवारच्या मीटिंगमध्ये एवढंच विचार: गेल्या महिन्यातल्या किती अलर्टनंतर कोणी खरोखर काही दुरुस्त केलं? उरलेले त्याच बैठकीत बंद करून घे. बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत, अशी मर्यादा गूगलच्या त्या टीमने स्वतःला घालून घेतली होती, कारण एकेक घटना निस्तरून, तिचं कारण शोधून, लिहून ठेवायला साधारण सहा तास जातात. मॅनेजरना पुस्तकातलं ते पान दाखव. आणि पुढच्या ऑन-कॉलनंतरची सुट्टी आत्ताच टाकून ठेव, इकडे ये.

तुझी,
मावशी