मागताना काटकसर नको

मैत्रिणींनो, महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला अंदाजपत्रक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पण स्वतःच्या कामासाठी पैसे मागायची वेळ आली की आपली जीभ अडखळते. "चालेल हो, भागवून घेऊ," हे शब्द आपल्या तोंडी इतके बसलेले असतात! घरात ते शोभूनही दिसतात. संशोधनाच्या अनुदानासाठी प्रस्ताव लिहायला बसलं की मात्र तेच शब्द आपला घात करतात.

तुम्ही म्हणाल, संशोधनाचा आणि आमचा काय संबंध? आहे बरं का! तुमच्यापैकी कितीतरी जणींची एम. एस्सी.ची, पीएच. डी.ची पदवी कपाटात साड्यांच्या घड्यांखाली पडून असेल. माझीही होती. रसायनशास्त्रात पीएच. डी. झाले, मग लग्न, मुलं, सासऱ्यांचं आजारपण. बघता बघता नऊ वर्षं गेली. आता इथल्या विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास, तितके पैसे. अनुदानाच्या बहुतेक योजनांमध्ये प्रमुख संशोधक कायम नोकरीतला असावा लागतो. ती दारं मला बंदच. पण घरासाठी संशोधन सोडावं लागलेल्या स्त्रियांना परत येता यावं, म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ साली एक योजना सुरू केली. आज ते काम 'वाइज-किरण' या नावानं चालतं. त्यात वयाची अट असते. तेव्हा "धाकटीची दहावी होऊ दे, मग बघू" असं म्हणत बसू नका.

माझा विषय आहे कोकम. रातांब्याच्या सालीचा तो गडद लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. उष्णता आणि उजेड लागला की ही द्रव्यं नासू लागतात. आणि आमसुलं तर आपण कडक उन्हातच वाळवतो! मग कशी वाळवली तर रंग जास्त टिकेल, हे मला मोजून पाहायचं आहे. प्रश्न इतका साधा. पण प्रस्तावात तो रीतसर मांडावा लागतो. आधी या विषयावर कोणी काय काम केलंय, त्यात काय राहिलंय, मी नेमकं काय करणार, कोणत्या वर्षी किती करणार. उद्दिष्टं तीन लिहिलीत तर पुरेत. पाहुण्यांपुढे दहा पदार्थ मांडून एकही धड न जमण्यापेक्षा वरण-भात आणि एक चांगली भाजी बरी, तसंच हे.

कामाचं वेळापत्रक लिहीत होते, तेव्हा सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्या कोकणातल्या. आमसुलाला आगळाची पुटं देत देत वाळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. म्हणाल्या, "अगं, तुमचे पैसे यायचे कधी? रातांबे काही सरकारची वाट बघत झाडावर थांबायचे नाहीत!"

अगदी खरं होतं ते. रातांब्याचा हंगाम एप्रिल-मेचा. पाऊस पडला की संपलं. मंजुरी जुलैत आली तर पहिलं फळ हाती यायला पुढचा एप्रिल उजाडणार. तीन वर्षांच्या कामात हंगाम फार तर तीन! म्हणून पैसे कोणत्याही महिन्यात आले तरी आधीचे महिने उपकरणं लावण्यात आणि बाजारातल्या आमसुलांवर चाचण्या घेण्यात जातील, अशी आखणी केली. आपल्या घरातलं शहाणपण प्रस्तावात असं कामी येतं.

आता पैशाचा भाग. खरेदीच्या वस्तूंसाठी दरपत्रकं मागवायची. रसायनं, काचसामान, प्रवास, मदतनीस, किरकोळ खर्च असे रकाने असतात. प्रत्येक आकड्यापुढे तो का हवा, याचं कारण लिहायचं. रंग मोजायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर विभागात आहे, तो मी मागितला नाही. वापरू देतील असं पत्र जोडलं. तापमान ठरवता येणारा ड्रायर मात्र मागितला.

आमचे हे म्हणाले, "अगं, आकडा जरा खाली आण. स्वस्त दिसलं तर पटकन मंजूर होईल." मी म्हटलं, "अहो, वाचणारे तज्ज्ञ असतात. रसायनाची बाटली केवढ्याला येते ते त्यांना ठाऊक असतं. कमी लिहिलं तर या बाईला कामाचा अंदाज नाही, असंच म्हणतील." फुगवूनही लिहू नये. दर वर्षी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि न वापरलेली रक्कम परत जाते.

खरी वादावादी झाली ती मदतनिसावरून. एका हंगामात दोनशे किलो फळं धुवायची, कापायची, बिया काढायच्या, वजनं करायची. विभागातले एक जण हसत म्हणाले, "हे तर तुम्ही घरच्या घरी कराल की! त्याला पगार कशाला?" बघा, बाईचं काम फुकट धरायची सवय प्रयोगशाळेपर्यंत पोचते! मी किलो आणि तास मांडून दाखवले आणि ती ओळ तशीच ठेवली.

अशा वेळी मला कमला सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या मागणीवर ठाम राहिल्या, अटी घालून का होईना प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. झाल्या. त्या मुळूमुळू रडत परत फिरल्या असत्या तर?

आणखी एक सांगते. विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचं पत्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. कोणी रजेवर असतं, कोणी बैठकीला. मी दहा दिवस आधीच कागद दिले. आणि त्या दहा दिवसांत घरात स्पष्ट सांगितलं, संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे नाही. यांनी खिचडी केली, मुलीनं पोळ्या लाटल्या. पोळ्यांना कोकणाच्या नकाशाचा आकार आला, पण पोटं भरली. घरातही मागावं लागतं, मैत्रिणींनो!

उत्तर यायला महिने लागतात. आधी तज्ज्ञ वाचतात, मग समितीपुढे बोलावणं येतं. माझं अजून यायचं आहे. नकार आला तर त्यामागची कारणं वाचून, दुरुस्त करून पुन्हा पाठवीन. प्रश्न सुधारीन, आखणी बदलीन. मदतनिसाच्या पगाराची ती ओळ मात्र खोडणार नाही.