'राजी' आणि सतराव्या लेण्यातली मुले

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली आणलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम साहित्याच्या चर्चेत घ्यावा की नाही, यावर छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या छोट्या वाचनगटात बरेच दिवस मतभेद होते. राजी ही कसरती करणारी अनाथ मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. वाटेतल्या भित्तिचित्रांपाशी थांबले की पुराणकथाही ऐकू येतात.

गटातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा आक्षेप मुळालाच हात घालणारा होता. पात्र मेले तरी पुन्हा उठून उभे राहते; मग तिथे करुण रस यायचा कुठून?

आम्हांला याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या बोलण्यात सापडले. देव राजीविषयी तृतीयपुरुषात बोलतात. पण राजी कड्यावरून कोसळली की खेळणारा विद्यार्थी 'मी मेलो' म्हणतो. कादंबरीसंदर्भात आपण ज्या तादात्म्याची चर्चा करतो, ते इथे थेट व्याकरणात उतरते. मात्र हा 'मी' वाटतो तितका समर्थ नाही. त्याच्या चुकीने ओढवलेले मरण मागे घेता येते. गोलूचे अपहरण कितीही कौशल्य असले तरी टळत नाही. ते संहितेत आधीच ठरलेले आहे.

आमच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात, विश्वंतर जातक रंगवलेले आहे. दानशूर राजपुत्र अखेर आपली दोन्ही मुले, जाली आणि कृष्णाजिना हे भाऊबहीण, जूजक नावाच्या ब्राह्मणाला देऊन टाकतो. ही कथाही पाहणाऱ्याच्या पावलांनीच उलगडते. एका दृश्यापासून दुसऱ्यापर्यंत आपणच चालत जातो. मुलांचे दान मात्र आपल्याला थांबवता येत नाही. चालणे आपले, घडणे आपले नाही. भिंतीवर काय किंवा पडद्यावर काय, करुण जन्मतो तो या अंतरात, असे आमचे मत झाले आहे.

स्नेह्यांचे समाधान अजून झालेले नाही. त्यांना आम्ही एवढेच सुचवतो : जातकात मुले शेवटी परत मिळतात. तरी ती दिली गेली तो क्षण त्यामुळे पुसला जातो काय?