डहाणू लोकलवरचं क्रिकेट

विरार मागे पडलं की डहाणू लोकलच्या खिडकीबाहेरची इमारतींची दाटी सरते. वैतरणेचं रुंद पात्र, खाजणं, भातखाचरं, मग सफाळे, केळवे रोड, पालघर. चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटर. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. त्याआधी मुंबईत मॅच खेळायला जाणाऱ्या मुलांची भिस्त शटल आणि पॅसेंजरवर.

कागदोपत्री पालघर मुंबई क्रिकेटचाच भाग आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द इकडे डहाणूपर्यंत, तिकडे बदलापूरपर्यंत. पण १९४८ पासून भर पावसात, ओल्या विकेटवर खेळली जाणारी कांगा लीग असो की शाळांची हॅरिस शील्ड, नाव काढायचं तर किटबॅग घेऊन पहाटेची गाडी धरायची.

पालघर स्टेशनहून रिक्षा माहीम गावाकडे वळते. नारळाच्या वाड्या, सावलीत वाढवलेल्या पानवेली. शार्दूल ठाकूर याच गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना त्याने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध ७८ धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी हा मुलगा हेरला आणि आपल्या शाळेत आणला. रोज इतक्या लांबून येणं झेपणारं नव्हतं, तेव्हा लाडांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. याच शाळेकडून त्याने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. जानेवारी २०२१ च्या ब्रिस्बेन कसोटीत त्याच्या पहिल्या डावात ६७ धावा आणि सामन्यात सात बळी होते. त्याआधी, २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर हा गडी अंधेरीला लोकलमध्ये चढून घरी निघाला, तेव्हा डब्यातली कॉलेजची पोरं मोबाइलवर त्याचे फोटो शोधून चेहरा ताडून बघत होती!

बोईसरला उतरून समुद्राकडे गेलं की एमआयडीसी आणि तारापूरचा अणुवीज प्रकल्प. १९६९ मध्ये सुरू झालेल्या इथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. पालघरसारख्या लहान गावांना स्वतःचा संघ मिळाला तर काय होतं, हे त्याच अमेरिकेत दिसलं: तिथे बेसबॉलच्या छोट्या संघांनी गावंच्या गावं वेडी केली होती. १९२० च्या दशकात ब्रँच रिकी यांनी सेंट लुइस कार्डिनल्ससाठी लहान शहरांतले संघ हाताशी धरून खेळाडू घडवण्याची साखळी उभारली. १९४९ मध्ये अशा पन्नासहून अधिक लीग होत्या. २०२१ मध्ये मोठ्या संघांशी जोडलेले १२० संघच ठेवले गेले, कित्येक गावांचा तो धागा तुटला. पण तिथे खेळाडू वर गेला, तरी गावाच्या नावाचा संघ मागे उरत असे.

इकडे भातकापणी झाली की रिकाम्या खाचरांत टेनिस बॉलचे चषक रंगतात. टेनिस बॉललाही आता मोठं व्यासपीठ आहे; २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा (आयएसपीएल) पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. टी-२० मुंबई लीग २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा शार्दूल ठाणे स्ट्रायकर्सकडून उतरला. त्या आठ संघांत पालघरच्या नावाचा एकही नव्हता. ज्या जिल्ह्याने कसोटी जिंकून देणारा खेळाडू दिला, त्याचा या यादीवर हक्क आहे.