अवघे १.७!

आमचा नातू गेल्या वर्षी पुण्याच्या महाविद्यालयातून विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेखाली एका सत्रापुरता जर्मनीस गेला होता. सत्राच्या अखेरीस त्याचा निकाल कळला : ‘१.७’. घोडेगावच्या आमच्या घरात त्या रात्री कोणास जेवण गोड लागले नाही. वहिनी तर देव पाण्यात घालून बसल्या. दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर उलगडा झाला. तेथे १ हा सर्वांत वरचा गुण. ४ पर्यंत उत्तीर्ण आणि ५ म्हणजे नापास! मंडळी पोट धरून हसली, पेढे आले. आम्ही मात्र नातवाच्या पुढील बोलण्यापाशी अडखळलो.

तो म्हणाला, “आजोबा, इथे सेमिनार असतो. एकाने विषय मांडायचा, बाकीच्यांनी त्यावर आक्षेप घ्यायचे. पहिले तीन आठवडे मी गप्पच होतो. उत्तरे येत होती. विचारायचे काय, ते सुचत नव्हते.”

वस्तुतः ही रीत आपणांस परकी नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून आधी मांडतात, मग सिद्धान्त. परंतु १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि त्या काळी ते परीक्षा घेऊन पदव्या देणारे विद्यापीठ होते. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले, तरी परीक्षेचा तो वचक आमच्या पिढीच्या हाडांत मुरलेलाच राहिला.

आक्षेप घेण्याचे धैर्य आपल्या माणसांत नाही असे मात्र नव्हे. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे अनुमान होते. बाईंनी १४९ कवट्या तपासल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे त्याच गुरूंपुढे ठेवावयाच्या प्रबंधात लिहिले.

आणि आम्ही? सुमारे तीस वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यातील एका शाळेत आम्ही संस्कृताची थोरवी सांगत होतो. एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग नाणेघाटातला नागनिका राणीचा लेख संस्कृतात का नाही?” आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही म्हणालो, “ते परीक्षेला नाही. खाली बैस.” सातवाहनांचे लेख प्राकृतात असत, एवढे सांगावयास पुस्तक उघडणे पुरे होते. त्या मुलाने आमच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. आमचे निकाल मात्र उत्तम लागत गेले.

तो मुलगा म्हणजे या नातवाचे वडील.

पेढे वाटून झाल्यावर आम्ही चिरंजीवांस विचारले, “तुला तो प्रश्न आठवतो का रे?” ते हसून म्हणाले, “आठवतो, अण्णा. उत्तर पुढे मीच शोधले.”

नातू परत आला आहे. येत्या रविवारी आम्ही तिघे नाणेघाटास जाणार आहोत. बोलावयाचे त्या दोघांनी, आम्ही ऐकणार.